‘फुकटचं घेतलं की उठता येत नाही’ : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण लातूरमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नऊ महिने चाललं. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे, मजकूर त्यांनी वाचलाही आहे. त्यांना इथं ‘सर’ म्हणते, कारण लातूरच्या क्लासेसमध्ये शिकवणारा प्रत्येक जण सरच असतो आणि खोलीतही मी त्यांना सरच म्हणत होते. ते मला मॅडम म्हणायचे. यात माझी चूक बरीच आहे. ती गाळली तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

तक्रार

सर तिशीच्या आतले, धारूर तालुक्यातल्या एका वाडीचे. नीटच्या मुलांना फिजिक्स शिकवायचे. लग्नाला दीड वर्ष झालेलं, बायको अजून गावाकडंच. जूनमध्ये छातीत धडधड, हाताला मुंग्या, घाम. ईसीजी झाला, टूडी इको झाला, थायरॉइड झालं, सगळं नॉर्मल. मग फिजिशियननं ‘टेन्शन आहे’ म्हणून माझ्याकडं पाठवलं.

पहिल्या भेटीत ते म्हणाले, “तसं काही नाही मॅडम, ऊन लागलं असंल.” खरं काय झालं ते तिसऱ्या भेटीत आलं. प्रवेशाचे दिवस. सर हॉस्टेलच्या फाटकाशी नव्या मुलांची यादी घेऊन उभे होते. हिंगोलीकडचा एक बाप मुलीला सोडून निघाला होता. मुलगी रडत नव्हती. नव्या बादलीवरचं स्टिकर नखानं खरवडत होती, खाली मान घालून. बाप रिक्षात बसला, रिक्षा वळली, तरी तिनं मान वर केली नाही. “त्या स्टिकरकडं बघता बघता मला घाम फुटला,” सर म्हणाले, आणि लगेच, “जेवलो नव्हतो त्या दिवशी.”

त्यांच्या दोन सवयी पहिल्याच दिवशी नजरेत भरल्या. दाराजवळची खुर्ची आणि ५०० ची नोट. बसायच्या आधी ती नोट टेबलावर, पेपरवेटखाली. मी म्हटलं, शेवटी दिली तरी चालेल. “नको, आधी झालेलं बरं.”

बालपणाबद्दल विचारलं तर उत्तर एका ओळीत: “आमचं चांगलं होतं. काही त्रास नव्हता.” चांगलं म्हणजे कसं, एखादा प्रसंग सांगा म्हटलं, तर आठवेना. मेरी मेन, कॅरोल जॉर्ज आणि नॅन्सी कॅप्लन यांनी १९८० च्या दशकात प्रौढांसाठी जी अटॅचमेंट मुलाखत (लहानपणच्या जवळच्या नात्यांबद्दलची) तयार केली, ती नेमकी हीच फट ऐकते. विशेषणं छान आणि आठवण एकही नाही. माणूस खोटं बोलत नसतो. त्यानं तो कप्पा उघडायचा सोडून दिलेला असतो.

माहिती मात्र होती. दसरा झाला की आई-वडील कारखान्याला जायचे, म्हणजे ऊसतोडीला. बीडकडच्या माणसाला ‘कारखान्याला’ एवढंच पुरतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, ट्रकमध्ये भांडीकुंडी टाकायची आणि सहा महिने फडाकडेला कोपीत राहायचं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परत. सर लहानपणी बरोबर गेले, दुसरीत गेल्यावर मात्र शाळेसाठी आजीजवळ राहिले. पुढं दहा हंगाम.

थोडं शास्त्र

अटॅचमेंटला मराठी पुस्तकांत ‘आसक्ती’ म्हणतात. मला तो शब्द जड जातो. आसक्ती म्हटलं की कीर्तनकार विषयांवर बोलायला लागलेत असं वाटतं. मी अनुबंध म्हणते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं मांडलं की भूक-तहानेइतकीच मुलाला एका भरवशाच्या माणसाजवळ राहण्याची गरज असते. मेरी एन्सवर्थनं आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला आया आणि बाळं पाहिली. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला परक्या खोलीत आईनं थोडा वेळ सोडायचं आणि परत यायचं, असा वीसेक मिनिटांचा तिचा प्रयोग. बहुतेक बाळं रडतात आणि आई आली की शांत होतात. काही शांतच होत नाहीत, चिकटतात आणि चिडतातही. काही बाळं मात्र आई गेली काय आणि आली काय, खेळण्यातून मान वर करत नाहीत.

बघणाऱ्याला हे शेवटचं बाळ गुणी वाटतं. पण १९९३ मध्ये जर्मनीत श्पांगलर आणि ग्रोसमान यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा आई गेल्यावर ते वाढलेले निघाले. चेहरा शांत, छातीत धावपळ. सरांच्या ईसीजीच्या कागदाकडं बघताना मला हेच आठवलं होतं. इथवर माझं बरोबर होतं.

अनुबंधाच्या ढबी अशा: दूर राहणारी ढब, चिकटून राहणारी ढब, निर्धास्त ढब, आणि जिच्यात जवळीक हवीही असते आणि तिची भीतीही वाटते अशी चौथी. मोठेपणीही माणसं साधारण अशी ओळखता येतात, पण हे काही राशिभविष्य नाही. एकच माणूस बायकोशी एक आणि मित्राशी दुसरं वागतो. नात्यातली काळजी आणि टाळाटाळ मोजणारी ३६ विधानांची एक प्रश्नावली असते, प्रत्येक विधानाला सातपैकी गुण द्यायचे. सरांना मी ती दिली नाही. क्लासच्या माणसाला गुण द्यायला सांगितलं की तो परीक्षेला बसतो.

मी स्वतः ती शिकत असताना सोडवली होती. काळजीचा आकडा चांगलाच वर गेला होता.

माझी बाजू

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांची मुक्कामी ड्यूटी असली की मी संध्याकाळपासून उंबऱ्यावर बसायचे, येणार नाहीत हे माहीत असूनही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही औसा तालुक्यातच होतो आणि वडील सोलापूरला मुक्कामी. ते दिवस मावळताना पायी आले. भूकंपामुळं मी अशी झाले असं सांगणं सोपं आहे, ऐकणाऱ्यालाही पटतं. पण उंबऱ्यावर मी त्याआधीपासून बसत होते.

अशी माणसं समुपदेशनात पुष्कळ येतात. कोणाला काय हवंय हे आम्हाला लवकर कळतं, कारण लहानपणी तेच काम होतं. अडचण एवढीच की समोरच्याला नको असेल तरीही ते आम्हाला ‘कळतं’. १९९४ मध्ये मेरी डोझियर आणि सहकाऱ्यांनी गंभीर मानसिक आजार असलेल्यांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचाच अनुबंध तपासला. जे स्वतः नात्यांत गुंतून काळजी करणारे होते, त्यांना क्लायंट जास्त परावलंबी दिसत आणि ते जास्त खोलवर हात घालत. जे निर्धास्त होते, ते वरच्या वागण्याखालची गरज ओळखत. हा अभ्यास मी एका कार्यशाळेत शिकवलेला आहे. शिकवणं वेगळं.

बिघाड

सहाव्या भेटीत, उठता उठता, सर म्हणाले, “म्हातारी गेली ना फेब्रुवारीत. आजी.” मातीला गेले होते, तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि रात्रीच्या गाडीनं परत, सकाळी साडेसहाची बॅच घेतली. दार उघडून हे सांगितलं. मी म्हटलं, बसा ना पाच मिनिटं. ते बसले. पाचाची पंचवीस झाली.

त्यानंतर मी सैल सुटले. पन्नास मिनिटांचं सत्र सत्तर मिनिटांवर जाऊ लागलं. त्यांच्या क्लासनं दोन महिने पगार लांबवला होता. नोट ठेवताना त्यांनी तीनशेच ठेवले आणि कान लाल झाले, तेव्हा मी घाईनं म्हटलं, “राहू द्या सर, पुढं बघू.” तीनशेही परत केले. अशी तीन सत्रं बिनपैशाची झाली. एका गुरुवारी त्यांनी पहाटे धडधड झाल्याचं सांगितलं, तर मी म्हटलं, पुन्हा झालं तर मेसेज करा, कधीही.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. दहा दिवसांत मी चार मेसेज केले, त्यातला एक रात्री दहा चाळीसला. उत्तर एकच आलं: “कामात आहे. कळवतो.”

सुपरव्हिजनसाठी, म्हणजे स्वतःचं काम दुसऱ्याकडून तपासून घ्यायला, मी पुण्यातल्या एका ज्येष्ठ ताईंशी महिन्यातून दोनदा व्हिडिओवर बोलते. त्यांना सगळं सांगितलं. भावना टाळणारा क्लायंट, आजीच्या दुःखाजवळ आला आणि पळाला, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुझे मेसेज वाचून दाखव बरं.” मी वाचले. ‘सर, कसे आहात?’ ‘काळजी वाटते आहे.’ ‘माझं काही चुकलं का?’ ‘या आठवड्यात याल ना?’ चौथा वाचताना माझा आवाज बारीक झाला.

“अगं,” त्या म्हणाल्या, “यात कोण कोणाची वाट बघतंय?”

मला राग आला. माया करणं हा गुन्हा आहे का, असंही बोलून गेले. त्या रात्री टिपणवही काढून बघितली. सहाव्या सत्रानंतर सरांची वाक्यं कमी आणि माझीच जास्त लिहिलेली होती.

उचल

एकच मेसेज केला. तारीख, वेळ, आणि ‘पन्नास मिनिटं’. सर आले. दाराजवळची खुर्ची. नोट दोन्ही हातांत घडी करून धरलेली.

मी म्हटलं, “सर, मी पैसे घेतले नाहीत आणि वेळ वाढवत गेले. तुम्हाला विचारलं नाही. ते बरोबर झालं नाही. तुम्हाला तेव्हा काय वाटलं, ते ऐकायचंय.”

बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी पिंपाची तोटी उघडी सोडली होती, तेवढाच आवाज.

“आमच्याकडं ह्याला उचल म्हणतात मॅडम,” ते म्हणाले.

मग पहिल्यांदाच त्यांना प्रसंग आठवला, आणि चांगला लांबलचक आठवला. सर सातवीत असताना माघात आजीला निमोनिया झाला. शेजाऱ्यांनी वडिलांना निरोप धाडला. वडील निघाले, तर मुकादम आडवा आला. उचल फिटलेली नव्हती. एक जण गेला की कोयता मोडतो, टोळीचा हिशेब मोडतो. आईला ठेवून जा म्हणाला, तर त्या फडावर बाईमाणसाला एकटं कसं ठेवायचं? वडील आले नाहीत. सातवीतल्या पोरानं आजीला टमटममध्ये घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लागली, आठ दिवसांनी ती उठली. वडिलांना त्यांनी कधी काही विचारलं नाही. मात्र एक ठरवलं.

“फुकटचं घेतलं की उठता येत नाही. तुम्ही नको म्हणालात तवा मला वाटलं, आता ह्यांनी बस म्हटलं की बसावं लागणार.”

मी ज्याला माया समजत होते, ती त्यांच्या हिशेबी उचल होती. पाठ्यपुस्तकातला ‘टाळणारा’ माणूस जवळीक नको म्हणतो एवढंच मला ठाऊक होतं. पण सरांना जवळीक नको नव्हती, जवळिकीची परतफेड कशी करायची ते माहीत नव्हतं; त्यांनी पाहिलेला प्रत्येक आगाऊ दिलेला पैसा माणसाला बांधून नेत होता. धारूरच्या पोराचा अनुबंध समजून घ्यायचा तर एन्सवर्थ वाचावी लागते, आणि मुकादमाची वहीही.

तीन सत्रांचे पंधराशे रुपये त्यांनी दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं. पगार होईपर्यंत सत्र पंधरवड्यातून एकदा. घड्याळ दोघांना दिसेल असं ठेवलं, पन्नास मिनिटांवर थांबायचं, मधे मेसेज नाही. खाडा झाला तर माझ्याकडून एकच ओळ, पुढच्या तारखेची. हे सगळं ते वहीत लिहून घेत होते. मला, खरं सांगायचं तर, कोरडं वाटत होतं. त्यांचे खांदे मात्र खाली आले.

इथं संशोधनात एक गंमत आहे. १९९९ मध्ये टायरेल, डोझियर आणि सहकाऱ्यांना दिसलं की क्लायंट आणि कार्यकर्ता यांची ढब एकसारखी नसेल, तेव्हा काम जास्त चांगलं होतं. भावना दाबणाऱ्याला कमी दाबणारा भेटावा, आणि उलट. म्हणजे कागदावर सर आणि मी चांगली जोडी होतो. दोन दाबणारे एकमेकांसमोर बसले असते तर वर्षभर नीटच्या निकालावर बोलत राहिले असते. मग बिघडलं कुठं? माझ्या मते वेगात. ब्रेंट मॅलिंकरॉट यांनी ‘उपचारातलं अंतर’ म्हणून एक कल्पना मांडली आहे: आधी क्लायंटला झेपेल तेवढ्या अंतरावर उभं राहायचं आणि मग हळूहळू ते अंतर बदलत न्यायचं. मी पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारली होती. तेही त्यांच्यासाठी नव्हे. रिकामी खुर्ची मला बघवत नाही म्हणून.

२०११ मध्ये केनेथ लेव्ही आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यास एकत्र करून पाहिले. चिकटून राहणाऱ्या, काळजी करणाऱ्या क्लायंटना उपचाराचा गुण कमी येतो, दूर राहणाऱ्यांचं तसं ठाम काही दिसत नाही, असा निष्कर्ष. माझ्यासारखीला क्लायंट म्हणून जास्त कष्ट पडले असते, हे वाचून गंमत वाटली.

पाला

माझी दुसरी चूक सैद्धांतिक होती आणि ती उशिरा कळली. मी आई शोधत होते. दहा हंगाम आई नाही, म्हणजे जखम तिथंच असणार. सर आईबद्दल सरळ बोलत. तिचे हात उसाच्या पाचटानं कापलेले असायचे, ती मेमध्ये आंब्याचं लोणचं घालायची. कुठं काही अडत नव्हतं. अडत होतं ते आजीपाशी. बोल्बीनं आई या शब्दाबरोबर ‘आईच्या जागी कायम असलेलं माणूस’ असंही लिहून ठेवलं आहे. आपल्याकडं तो दुसरा भाग वाचायचा राहतो आणि सगळा भार बाईच्या डोक्यावर जातो. इथं तर ती बाई उचलीखाली दबलेली.

दिवाळीला मी दोन आठवडे खोली बंद ठेवते. या वेळी तीन आठवडे आधी सांगितलं. “काही हरकत नाही,” सर म्हणाले आणि टेबलावरची पेनं उचलून एकेकाला टोपण लावायला लागले. पाचही पेनं. टोपणं आधीच लागलेली होती. काढून पुन्हा लावत होते.

मागच्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं की दसऱ्याला ट्रक निघायचा तेव्हा आजी त्यांना गोठ्याकडं तोंड करून उभं करायची. “तिकडं नको बघू बाळा, शेळीला पाला टाक.” ते पाला टाकायचे. ट्रकचा आवाज खिंडीत गेला की आजी म्हणायची, झालं आता, चल जेवू. क्रूरपणा नव्हता त्यात. तिला जमलं तेवढं तिनं केलं, आणि त्या युक्तीवर एक पोरगं एमएस्सीपर्यंत गेलं.

मी विचारलं, “सर, शेळीला पाला टाकताय का?”

ते खळखळून हसले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग हसू विरलं, हातातलं टोपण तसंच राहिलं आणि ते माझ्याकडं बघत म्हणाले, “हो.” पुढची नऊ मिनिटं कुणी काही बोललं नाही. मी बोलले नाही, हे माझ्या दृष्टीनं त्या सत्रातलं सगळ्यात कठीण काम. शेवटी ते म्हणाले, “तिच्या मातीलाबी मी लाकडं मोजत होतो मॅडम. किती लागतील, किती आणलीत.”

त्या दिवशी घड्याळ पन्नासच्या पुढं गेलं नाही. पण दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, सुट्टीनंतर गुरुवारच ना?

पुढच्या भेटींबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, कारण त्या बऱ्या चालल्या. आजीची गोधडी त्यांनी सुटकेसमधून काढली. डिसेंबरात बायको लातूरला राहायला आली. ती म्हणायची, तुम्ही घरात असून नसल्यासारखे. भांडण झालं की सर अजूनही गप्प होतात, पूर्वी आठवडाभर व्हायचे, आता दोन दिवस. तिसऱ्या दिवशी काय बोलायचं ते माझ्या खोलीत घोकून जायचे, आणि घरी गेल्यावर भलतंच बोलायचे. धडधड त्या काळात दोनदा झाली. एकदा त्यांनी बायकोला उठवलं. तिनं पाणी दिलं आणि परत झोपली. सरांना ते फार आवडलं.

मार्चअखेर ते म्हणाले, आता थांबू या का. कारखान्यांचे पट्टे पडायला आले होते, आई-वडील गावी येणार होते. माझ्या मनात लगेच चार कारणं आली, अजून का थांबू नये याची. त्यातली दोन व्यावसायिकदृष्ट्या रास्तही होती. मी ती ताईंसमोर मांडली, त्यांनी फक्त भुवया उंचावल्या. आणखी दोन सत्रं घेऊन आम्ही थांबलो. शेवटच्या दिवशी नोट पेपरवेटखाली नव्हती. उठताना सरांच्या लक्षात आलं, “अरे, राहिलंच की,” म्हणत त्यांनी खिशात हात घातला.

जूनमध्ये त्यांचा मेसेज आला. “प्रवेश चालू आहेत. एका मुलीचे वडील गेले तोवर तिच्यासोबत फाटकात उभा राहिलो. रिक्षा वळेपर्यंत दोघांनी बघितलं. ठीक आहे सगळं.”

मी पाच ओळी लिहिल्या. मग चार खोडल्या.